तलवार आणि वरात : मंगोल अमलातील इराण



या वासंतिक व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा चालकांची अशी समजूत होती, की आम्ही कामगार कायद्यावर बोलू, किंवा फार तर मच्छीमारांच्या प्रश्नावर. आम्ही विषय कळवला तो मंगोल अमलातील इराणचा. तेव्हा एका कार्यकर्त्याने मुद्दाम फोन करून विचारले, "विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करू नये. परंतु ज्याचा जन्म हजेरीपुस्तके आणि पगारपत्रके तपासण्यात गेला, त्याला इतिहास वाचताना काही गोष्टी पंडितांहून निराळ्या दिसतात. त्याच आज आपणांपुढे मांडावयाच्या आहेत.

आरंभ दूरच्या तब्रीझहून न करता जवळच्या सावंतवाडीहून करू. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि लाखकाम आपणां सर्वांना ठाऊक आहे. तेथील चितारी गंजिफाही करीत आले आहेत. वाटोळी पाने, चिंचोक्याच्या खळीने बसवलेले थर, त्यांवर रंगाचे काम आणि लाखेची झळाळी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला विझण्याच्या बेतात होती. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आसरा दिला, म्हणून ती टिकली. दशावतारी गंजिफा आपल्या परिचयाचा आहे. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, मिळून १२० पाने. देवळासमोर रात्र रात्र दशावतार पाहणाऱ्या आपल्या मुलखाला तो परका वाटण्याचे कारण नाही. पण चितारी दुसराही एक गंजिफा करतात. तो आठ रंगांचा आणि ९६ पानांचा. त्याला मोगली किंवा दरबारी म्हणतात. खेळ इराणकडचा आणि रंगांची नावेही तिकडचीच. बाबराने १५२७ साली सिंधमधील आपल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आणि मोगल हा शब्द तरी कोणता? मंगोल याचेच ते फारशी रूप.

या गंजिफाचे आठ रंग असे : ताज म्हणजे मुकुट, सफेद म्हणजे रुप्याचे नाणे, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम, चंग हे तंतुवाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, बरात आणि किमाश, म्हणजे व्यापाराचा माल. प्रत्येक रंगाला एक राजा आणि एक वजीर. गुलामाच्या रंगालाही राजा आणि वजीर आहेतच! एका राज्यात जे जे मोलाचे, ते सारे या पानांवर मांडलेले आहे. यांतले सात रंग कोणालाही कळतील. आठवा, ही बरात, म्हणजे काय?

आपल्याकडे वरात म्हटली की नवरदेवाची मिरवणूक डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु जुन्या मराठी दप्तरांत आणखी एक वरात आहे. अमुक गावच्या वसुलातून किंवा अमुक खजिन्यातून तमुक माणसाला इतकी रक्कम द्यावी, असा जो सरकारी कागद, ती वरात. तो कागद घेऊन दारात येऊन उभा राहतो तो वरातदार. फारशीतली बरात ती हीच. मुकुट, तलवार आणि सोने यांच्या पंक्तीला हा कागदाचा तुकडा कसा येऊन बसला, याचा शोध घेत आम्ही इराणपर्यंत जाऊन पोचलो.

चंगीझखानाची धाड १२१९ साली ख्वारिझमच्या राज्यावर आली. १२२१ मध्ये मर्व्ह आणि निशापूर ही नांदती शहरे उद्ध्वस्त झाली. त्या काळच्या इतिहासकारांनी मृतांचे जे आकडे दिले आहेत ते अतिशयोक्त असावेत, असे आजचे अभ्यासक मानतात. आकडा कमी केला तरी दुःख कमी होत नाही. माणसे मेली त्याबरोबरच शेतीला पाणी पुरवणारे जमिनीखालचे कालवेही मोडले. इराणची शेती त्या कालव्यांवर उभी होती, आणि ते दरवर्षी उपसून ठेवणारे हात नाहीसे झाले. पुढे चंगीझखानाचा नातू हुलागू फौज घेऊन उतरला. १२५६ मध्ये त्याने अलमूतचा डोंगरी किल्ला घेतला आणि १२५८ मध्ये बगदाद घेऊन खलीफाला ठार केले. हुलागूच्या वंशजांना इल्खान म्हणतात. त्यांचे राज्य १३३५ पर्यंत चालले.

मंगोलांचे एक धोरण आम्हां कामगारांच्या ध्यानात राहण्याजोगे आहे. शहर पडले की ते कारागिरांना वेगळे काढीत. विणकर, लोहार, सोनार यांचा जीव वाचे, आणि मग त्यांना हाकून दूरच्या छावण्यांत व कारखान्यांत कामाला जुंपण्यात येई. हुन्नर हाती होता म्हणून प्राण वाचले आणि हुन्नर हाती होता म्हणूनच घर सुटले. गंजिफाचा गुलाम नावाचा रंग आम्ही पाहतो तेव्हा हे कारागीर आमच्या डोळ्यांपुढे येतात.

आता प्रश्न असा, की घोड्यावर जन्म घालवणाऱ्या या मूठभर लोकांनी एवढा मोठा देश ऐंशी वर्षे चालवला कसा? देश जिंकायला तलवार पुरते, पण वसूल गोळा करायला कारकून लागतो. कारकून इराणी होता. अतामलिक जुवैनी याने मंगोलांची चाकरी करीतच चंगीझखानाचा इतिहास फारशीत लिहिला. त्याचा भाऊ शम्सुद्दीन हा वजीर होता. नसीरुद्दीन तूसी अलमूतच्या किल्ल्यातून बाहेर आला आणि १२५९ मध्ये हुलागूच्याच पैशाने त्याने मरागा येथे वेधशाळा उभारण्यास प्रारंभ केला. ज्या साली बगदाद पडले त्याच साली शीराझमध्ये सादीने 'गुलिस्तान' पुरे केले. शीराझच्या अमिरांनी आधीच मान तुकवून खंडणी कबूल केली होती, म्हणून ते शहर वाचले होते. मंगोलांची भाषा इराणात रुजली नाही. फारशी मात्र राहिली आणि वाढली. १२९५ मध्ये गादीवर आलेल्या गाझानखानाने इस्लाम स्वीकारला आणि जेते जितांत मिसळून गेले. जितांच्या संस्कृतीने जेत्यांना जिंकले, असे पंडित म्हणतात ते यालाच.

हे म्हणणे खोटे नाही; परंतु ते अर्धे आहे. लेखणीवाल्यांचा हा विजय किती ठिसूळ होता ते पाहा. इल्खानांच्या वजिरांपैकी आपल्या मरणाने मेला तो एकच, ताजुद्दीन अलीशाह, १३२४ मध्ये. बाकीच्यांचा शेवट मारेकऱ्यांच्या हातून झाला. शम्सुद्दीन जुवैनीचा १२८४ मध्ये शिरच्छेद झाला. आणि या विजयाची किंमत कोणी भरली, हे विचारायचे तर दरबार सोडून खेड्यात गेले पाहिजे.

खेड्यात जमिनीचा जुना खराज होताच. त्यावर मंगोलांनी डोईपट्टी बसवली, तिला कुबचूर म्हणत. बाजारात तमगा नावाची जकात होती. आणि या सगळ्यांवर बरात. खजिना रिकामा असे, तरी सरदाराचे, शिपायाचे, सावकाराचे देणे द्यावे लागे. मग दप्तरात बसून बरात लिहिली जाई : अमक्या गावाने अमक्याला इतके द्यावे. एकाच गावाच्या एकाच वसुलावर दहाजणांच्या नावे बराता निघत. गावाची ऐपत किती, पूर्वी किती दिले, याचा ताळा कोणी घेत नसे. कागद लिहिणाऱ्याला लाच मिळे, कागद आणणाऱ्याला जेवण आणि घोड्याला दाणा द्यावा लागे, आणि रक्कम पुन्हा बाकीच.

गाझानचा वजीर रशीदुद्दीन याने आपल्या इतिहासात एक हकीकत दिली आहे. १२९२ च्या सुमाराची गोष्ट. यझ्द प्रांतात फिरोजाबाद नावाचे खेडे होते. एक जमीनमालक आपला वाटा घेण्यासाठी तेथे गेला. तीन दिवस शोधले तरी त्याला गावचा एकही कारभारी सापडला नाही. सापडले ते सतरा वसुलीदार, प्रत्येकजण हातात बरात घेऊन गावात ठाण मांडून बसलेला. त्यांनी शेताच्या एका राखणदाराला आणि दोन कुळांना पकडून आणले होते, आणि बाकीचे कोठे लपले ते सांगावे म्हणून त्यांना दोरीने टांगून मारहाण चालली होती. इतर ठिकाणी लोक घराच्या गच्चीवर पहारेकरी बसवीत आणि वसुलीदार दिसताच पळून जात. सरकारी जासूद उतरायला येऊ नयेत म्हणून काहींनी घराचे दार दगडांनी बुजवले होते. विचार करा, माणसाने आपल्याच घराचे दार बुजवावे!

रिकाम्या खजिन्यावर १२९४ मध्ये आणखी एक तोडगा निघाला. गैखातूखानाच्या वजिराने चीनच्या धर्तीवर कागदी चलन काढले. त्याला चाव म्हणत. कागदावर चिनी अक्षरे होती आणि कलमाही होता. न घेणाऱ्याला मरणाची शिक्षा ठेवली होती. तब्रीझच्या बाजारात दुकाने पटापट बंद झाली, धान्य मिळेना, लोक खवळले आणि सुमारे दोन महिन्यांत चाव मागे घ्यावे लागले. आमच्या समजुतीने तो तब्रीझचा हरताळच होता. ज्या कागदामागे कोणाचा विश्वास नाही तो केवळ तलवारीच्या धाकाने चालत नाही, हे त्या बाजाराने दाखवून दिले.

यानंतर गाझान आला आणि रशीदुद्दीनच्या मदतीने त्याने सुधारणा केल्या. वजने आणि मापे एक केली. हत्यारांच्या कारखान्यांतले कारागीर वेतनाच्या नावाने उपाशी राहत होते, मधले अधिकारी रक्कम गिळीत होते. ती पद्धत मोडून ठरलेल्या मालाला ठरलेली किंमत देण्याचा करार केला. परंतु आम्हांला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट निराळीच आहे. प्रत्येक गावाने किती कर द्यायचा आणि केव्हा द्यायचा ते ठरवून, फळीवर, दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर कोरून, गावात सर्वांना दिसेल अशा जागी लावण्याचा त्याने हुकूम काढला. वसुलीदाराच्या हातातला कागद गावाच्या भिंतीवर आला!

येथे आम्हांला आमच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संघटनेच्या कामाला लागलो त्या पहिल्या वर्षांत, या जिल्ह्यातल्या एका काजूच्या कारखान्यात आम्ही जात होतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे बायका काजू सोलायच्या. मजुरी वजनावर. दर किती, हे मुकादमाला ठाऊक. शनिवारी कोऱ्या पावतीवर अंगठा घ्यायचे आणि रक्कम हातावर ठेवायचे. पावतीवरचा आकडा मागाहून भरला जाई. आम्ही तावातावाने भाषण केले, की हे कागद खोटे आहेत. तेव्हा एक वयस्क बाई उठून म्हणाली, "कागद खोटो नाय रे झिला, माका तो वाचूक येना नाय, हीच खोट." आम्ही खाली बसलो. त्या दिवसापासून मागण्यांच्या यादीत दरवाढीच्या आधी एक मागणी घातली : दाराशी काळा फळा लावा आणि त्यावर किलोचा दर मराठीत लिहा. चार महिने झगडून तो फळा लागला. त्या दिवशी दर एका पैशाने वाढला नव्हता. पण शनिवारी बायका बोटांवर हिशेब करून येऊ लागल्या आणि आकडा भरल्याशिवाय अंगठा देईनाशा झाल्या. १९३६ च्या वेतन कायद्यात, कायद्याचा गोषवारा बहुसंख्य कामगारांच्या भाषेत कामाच्या जागी लावावा असे कलम होते. ते कलम आम्हांला वाचून पाठ होते. त्याचा अर्थ त्या बाईने शिकवला.

म्हणून गाझानच्या त्या कोरीव दगडाचे मोल आम्ही जाणतो. पण त्यावर भाळून जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. ज्या राजाने कराचा आकडा दगडावर कोरला, त्यानेच शिपायांना जमिनी तोडून देताना असा हुकूम केला, की गाव सोडून गेलेले कूळ तीस वर्षांच्या आत सापडले तर परत आणून त्याच जमिनीवर बसवावे. आकडा उघड झाला, पाय मात्र बांधले गेले. आणि जो वजीर रयतेचे हाल इतक्या कळवळ्याने लिहितो, त्या रशीदुद्दीनने तब्रीझजवळ विद्येची एक मोठी पेठच वसवली होती. इस्पितळ, ग्रंथालय, आणि त्याच्या ग्रंथांच्या दरवर्षी नव्या प्रती करण्याची सोय. त्याने लिहवून घेतलेल्या इतिहासात चीन, हिंदुस्थान आणि फिरंगी मुलूख यांचेही वृत्तान्त आहेत. एवढी व्यापक दृष्टी त्या काळात दुर्मिळ होती. पण त्या पेठेच्या दानपत्रात राबणाऱ्या गुलामांच्याही नोंदी आहेत. १३१८ मध्ये रशीदुद्दीनलाही ठार करण्यात आले आणि त्याची पेठ लुटली गेली. असो. माणसाचे मोठेपण आणि त्याच्या मोठेपणाचा पाया, या दोन्ही गोष्टी एकदमच पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

इल्खानांचे राज्य १३३५ मध्ये विस्कटले. बाराच वर्षांनी, १३४७ मध्ये, दक्षिणेत बहमनी राज्य उभे राहिले आणि आपल्याच किनाऱ्यावरच्या दाभोळ, चौल या बंदरांतून इराणची माणसे, घोडे, ग्रंथ आणि दप्तराची रीत आत येऊ लागली. फिरिश्ता सांगतो, की बहमनी सुलतानाने शीराझच्या हाफिझ कवीलाही बोलावणे पाठवले होते. कवी होर्मुझला येऊन गलबतात चढला, पण वादळ उठताच उतरला आणि कविता तेवढी पाठवून घरी गेला. मालवणच्या खलाशांना याचे हसू येईल. पण सगळेच काही दर्यावर्दी नसतात. आता पाहा, हा दर्या, हे बंदर, तो नाखवा आणि तो खलाशी, हे सारे शब्द त्याच वाटेने आले. हजेरी, मजुरी, करार, बाकी, वसूल, अर्ज, फिर्याद आणि हक्क हेही त्यांतलेच. हे शब्द वगळून आम्हांला संघटनेचे एक निवेदनसुद्धा लिहिता येणार नाही.

इराणच्या गिलान प्रांतातून आलेला महमूद गवान बहमनींचा वजीर झाला. त्याने संगमेश्वर, खेळणा आणि गोवा घेतले, आणि बीदरला मोठा मदरसा बांधला. १४८१ मध्ये त्याच्या शत्रूंनी त्याचा शिक्का एका कोऱ्या कागदावर उठवून घेतला, त्यावर मागाहून फितुरीचे पत्र लिहिले आणि ते सुलतानाला दाखवले. सुलतानाने त्याला तेथेच मारवले. कोरा कागद हा वजिराचाही घात करतो. मग काजू सोलणाऱ्या बाईची काय कथा!

पुढे विजापुरात पहिल्या इब्राहिम आदिलशहाने, जो १५३४ मध्ये गादीवर आला, सरकारी हिशेब फारशीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची रीत पाडली, असे फिरिश्ता लिहितो. शिवाजीमहाराजांच्या काळी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राजव्यवहारकोश' तयार झाला. त्याहून आम्हांला महत्त्वाची वाटते ती सभासदाच्या बखरीतून दिसणारी व्यवस्था : लष्कराला मुलूख तोडून द्यायचा नाही, पगार रोख किंवा सरकारातून वरातेने चुकता करायचा. म्हणजे वरात होतीच. पण शिपाई आणि रयत यांची गाठ पडू द्यायची नाही, हा तिच्यामागचा विचार. कागद तोच, पण त्यामागची नीती बदलली की रयतेच्या दारातला माणूस बदलतो. मात्र भाषा घरची झाली तरी अक्षर घरचे झाले नव्हते, हे विसरू नये. मोडी वाचणारा गावात कुलकर्णी एकटाच. रयतेच्या दृष्टीने तो कागद अजूनही फारशीच होता म्हणा ना!

आता पुन्हा त्या गंजिफाकडे येऊ. अकबराच्या गंजिफाचे वर्णन अबुल फझलने 'ऐने-अकबरी'त केले आहे. त्यात बरातेचा राजा सिंहासनावर बसून फर्माने आणि दप्तराची पाने पाहतो आहे. वजिरापुढेही दप्तर आहे. आणि खालच्या पानांवर कोण? कागद तयार करणारे, कागदावर ओळी आखणारे, नोंदी करणारे कारकून, पुस्तके बांधणारे. चांदीच्या आणि सोन्याच्या रंगात टाकसाळीतले कामगार आहेत. कामगाराला चित्रात जागा दिली, याचा आम्हांला आनंद वाटतो. पण आठही रंग आम्ही पुन्हा पुन्हा मोजले. त्यांत रयतेचा रंग नाही. जिच्या नावे बरात निघते, ती कोणत्याच रंगात सापडत नाही.

संस्कृती टिकते ती राजाच्या कृपेने नव्हे आणि केवळ पंडिताच्या लेखणीनेही नव्हे. ती अनेकांच्या हातांनी टिकते आणि पुष्कळदा अनेकांच्या उपासमारीवर टिकते. इराणने मंगोलांना पचवले, हे खरे. पण फिरोजाबादच्या त्या तीन माणसांना दोरीवरून खाली कोणी काढले, हे इतिहासाने लिहून ठेवलेले नाही. म्हणून आमची आपणांला एवढीच विनंती आहे, की आपल्यावर जो कागद निघतो तो आपल्याला वाचता आला पाहिजे, आणि शेजाऱ्याला येत नसेल तर तो त्याला वाचून दाखवला पाहिजे. मग तो सातबारा असो, कर्जाचा रोखा असो, की पगाराची पावती. ही व्याख्यानमाला ज्या वाचणाऱ्या लोकांच्या बळावर चालते, त्यांचे हे काम आहे. आणि सावंतवाडीला गेलात तर चितारी कसा बसून बरातेचे पान रंगवतो ते जरूर पाहा. आणि त्या पानाचे त्याला किती मिळतात, तेही विचारा.

आता आम्ही आपली रजा घेतो. रजा हा शब्दही, बंधुभगिनींनो, त्याच वाटेने आलेला आहे.